टेंबेकाकांचं मनगट

टेंबेकाकांच्या मनगटाचा फोटो आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून मी फोन उचलला आणि फोटो मोठा करून पाहत राहिलो.

कित्येक महिन्यांनी काकांनी घड्याळ हातात घालून फोटो टाकला होता. घड्याळ ओळखीचं होतं, त्यांचं जुनं चावीचं एचएमटी, पांढऱ्या डायलचं. हात मात्र ओळखू येईना. पूर्ण बाहीच्या सदऱ्यातून बाहेर आलेलं ते मनगट इतकं बारीक होतं, की घड्याळ त्याच्यावर ताटलीसारखं दिसत होतं. पट्ट्याला सुईने आणखी एक भोक पाडलेलं होतं, तेही वाकडं. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना डाग होता.

खाली लिहिलं होतं, "आज हे."

मी चेहरा पुसला आणि दाढी अर्धवट टाकून खुर्चीत बसलो. माझ्या मनात एकच आलं. काका आजारी आहेत, आणि बरेच आजारी आहेत.

आमच्या गटाचं नाव 'मनगट'. सांगलीचे दातांचे डॉक्टर पेशवे यांनी तो फोनवर सुरू केला होता. पंधरा-वीस घड्याळवेडी माणसं, सांगली-मिरजेपासून कोल्हापूर-कराडपर्यंतची. सकाळी ज्याने त्याने हातातल्या घड्याळाचा फोटो टाकायचा आणि मग त्यावर बोलायचं. काच बदलली का, पट्टा कुठून आणला, चावी दिल्यावर दिवसभर चालतं का, हे असलंच. राजकारण नाही, फुलांची सुप्रभातं नाहीत. एकमेकांचे चेहरे आम्ही फारसे पाहिले नव्हते, पण मनगटं पाठ होती. मिरजेच्या इम्तियाज मुल्लाचं केसाळ मनगट आणि नखांतलं टायरच्या दुकानाचं काळं. डॉक्टरांचं धुऊन पुसून ठेवल्यासारखं गोरं. आणि टेंबेकाकांचं रुंद, उन्हाने रापलेलं, मधोमध जाड शीर असलेलं.

काका कराडला राहायचे. कोयनेच्या कामावर इंजिनियर होते. तिथल्या सुरुंगांनी कान गेलेले, म्हणून फोनवर बोलायचे नाहीत. "आवाज नको, अक्षरं पाठवा," असं त्यांनी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. लिहायचे मात्र भरभरून. एका घड्याळाच्या फोटोखाली बोगद्यातली ओल, पोफळीच्या वीजघरावरचा पाऊस, साहेबांचा कुत्रा, सगळं यायचं. शेवटी कधीतरी, "आमची ही म्हणते, हात दोन आणि घड्याळं तीस, उरलेली काय पायात घालणार का." त्यांचा मजकूर वाचायला मी ऑफिसला उशीर करायचो.

मग ते लिखाण आटलं. काका पंधरा-वीस दिवस गप्प होते. परत आले तेव्हा फोटोतलं घड्याळ खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेलं, खाली दोन शब्द. हातात का घालत नाही असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, कातडीला त्रास होतो. वय झालं, असं आम्ही सगळ्यांनी समजून घेतलं.

माझ्याशी मात्र ते याच काळात जास्त बोलू लागले. गटात नाही, वेगळं.

मी विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासायचो. दिवसभर चेपलेली दारं आणि फुटलेल्या काचा बघायच्या आणि संध्याकाळी राजारामपुरीतल्या घरी यायचं. त्या दिवाळीनंतर मंजिरी, माझी बायको, घर सोडून गेली. भांडण झालं नाही. माझ्याशी बोलण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं, असं ती म्हणाली, आणि ते मला खोडून काढता आलं नाही. ऑफिसात मी ती माहेरी गेलीय असं सांगत राहिलो. खरं फक्त एका माणसाला लिहिलं, टेंबेकाकांना. त्यांनी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "जेवलास का?"

नाही म्हणालो.

"कुकर लाव. भांड्यात शिजवू नकोस, कुकरच लाव. एकट्याच्या घरात शिट्टी झाली की घर जागं वाटतं."

मी लावला. शिट्टी झाली तेव्हा ओट्याला टेकून मी रडलो, हेही त्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, "तूप घाल भातावर."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमचं लिहिणं सुरू झालं. मी त्यांना काय काय लिहिलं असेल. मंजिरी झोपेत माझ्याकडे पाठ करायची तेव्हापासूनचं सगळं. आम्हाला मूल होत नव्हतं आणि दोष माझ्यात होता, हे माझ्या सख्ख्या भावालाही ठाऊक नव्हतं. काकांना ठाऊक होतं. त्यावर त्यांनी लिहिलं होतं, "हे इतकी वर्षं एकट्याने वागवलंस, पोरा."

असा माणूस तिकडे झिजत चाललाय आणि आपल्याला सांगत नाही, म्हणून मी त्या दिवशी रजा टाकली आणि मोटारसायकल काढून कराडला गेलो.

पत्ता इम्तियाजकडे होता. त्याने एकदा काकांना पट्टा पाठवला होता. सोमवार पेठेतलं बैठं घर, पुढे जाळीचा व्हरांडा, जाळीला मधुमालती. दार एका उंच, सडपातळ बाईंनी उघडलं. सत्तरीच्या असतील. पांढरे केस घट्ट बांधलेले, अंगावर सुती साडी आणि तिच्यावर पुरुषी सदरा घातलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"टेंबेकाका आहेत का? मी हेमंत शिरगावकर. कोल्हापूरहून आलोय."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दार पूर्ण उघडलं.

"ये. ऊन लागलं असेल."

मी आत बसलो. खोलीत कुणी झोपलेलं नव्हतं. औषधांचा वास नव्हता. कान देऊन ऐकलं, तर आतून कसलीच चाहूल नव्हती. त्या पाण्याचं तांब्या-भांडं घेऊन आल्या आणि भांडं माझ्यापुढे धरलं. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा डाग होता.

मी तो हात ओळखला. सकाळी तोच तर पाहिला होता.

"काका कुठे आहेत?" मी विचारलं. उत्तर मला तोवर कळलेलं होतं, तरी विचारलं.

"गेले," त्या म्हणाल्या. "भाद्रपदात. सकाळी चहा घेतला, आज कुठलं घालू म्हणून विचारलं. मी म्हटलं, घाला कुठलंही. बाहेर येऊन बघते तर खुर्चीतच."

भांडं माझ्या हातात तसंच राहिलं. भाद्रपद. मंजिरी गेली ती दिवाळीनंतर.

"म्हणजे फोनवर..."

"मी."

"पहिल्यापासून?"

"तुझ्या बायकोचं तू लिहिलंस, त्याच्या आधीपासून." त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि सदऱ्याची बाही उलगडून मनगटापर्यंत खाली ओढली. "तेराव्यानंतर सगळे परत गेले. मुलगा मस्कतला गेला. फोन ह्यांच्या कपाटात होता, तो सारखा वाजायचा. उघडला तर तुमचे ते डॉक्टर लिहितायत, काका दिसला नाहीत, काका बरे आहात ना. मला फक्त 'गेले' एवढं लिहायचं होतं. लिहिलं आणि पुसलं. असं तीन-चार दिवस केलं. मग एका सकाळी ह्यांचं घड्याळ काढलं, चावी दिली, कट्ट्यावर ठेवलं आणि फोटो पाठवला. म्हटलं, आजचा दिवस. उद्या सांगू."

"आणि?"

"आणि सगळ्यांनी लिहिलं, आलात का काका. एवढी माणसं. या घरात दुधवाल्याशिवाय कुणी येत नव्हतं रे."

माझे कान तापले होते. मी एका म्हाताऱ्या पुरुषाला, पुरुषाने पुरुषाला सांगावं तसं सगळं सांगितलं होतं, आणि ते या अनोळखी बाईंनी इथे, या खुर्चीत बसून वाचलं होतं. काका गेल्याचं दुःख व्हायला हवं होतं. ते होत होतं की नाही हे मला समजेना. जो माणूस माझ्यासाठी सर्वात जवळचा होता, तो मी त्याला काही सांगायच्या आधीच गेलेला होता.

"तुला राग आला असेल," त्या म्हणाल्या. "ते मुलाचं तू लिहिलंस ना, त्या दिवशी मला वाटलं, आता थांबावं. हे आपल्यासाठी नाही. पण तू एवढं लिहून बसला होतास. उत्तर नाही दिलं तर तुला काय वाटेल, म्हणून दिलं."

"मी निघतो," मी म्हणालो.

"निघ. पण दोन घास खा. भाजी झालीय, भाकरी टाकते."

मला नाही म्हणता आलं असतं. पण मी स्वयंपाकघरात पाटावर बसलो. त्या माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी उलटताना त्यांच्या हातातली एकुलती बांगडी कोपराकडे घसरायची. आम्ही दोघंही बोलत नव्हतो. फोनवर आमचं बोलणं कधी थांबायचं नाही, आणि इथे मीठ हवं का, एवढंच त्यांनी विचारलं.

निघताना त्या व्हरांड्यात आल्या. "गटात तू सांगू नकोस. मीच सांगते. माझं मला सांगू दे."

त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. फोटो नव्हता. "मी शैलजा टेंबे. श्री. टेंबे गेल्या भाद्रपदात वारले. तेव्हापासून मीच लिहीत होते. तुम्हा सर्वांची क्षमा मागते."

दिवसभर गट गप्प होता. त्या सकाळी कुणी घड्याळाचा फोटोसुद्धा टाकला नाही. संध्याकाळी डॉक्टर पेशव्यांनी लिहिलं, रविवारी आपण कराडला जाऊन काकांना श्रद्धांजली वाहू. तिघांनी होकार दिला. मीही दिला.

रविवारी आम्ही पाचजण त्या बैठकीत खुर्च्या ओढून बसलो. एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होतो, तरी प्रत्येकाची नजर आधी दुसऱ्याच्या मनगटाकडे गेली. डॉक्टरांनी काकांच्या फोटोला हार घातला, दोन मिनिटं उभं राहायला लावलं आणि काकांचा व्यासंग, काकांची शिस्त यावर बोलले. कोणी ओरडलं नाही, कोणी दोष दिला नाही. सगळे नीट वागले. शैलजाकाकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती. त्यांनी पोहे केले होते आणि काकांची सगळी घड्याळं जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या चादरीवर मांडून ठेवली होती. चावीच्या प्रत्येक घड्याळाला चावी दिलेली होती. त्या शांत खोलीत टेबलावरून बारीक टिकटिक येत होती.

मग जे व्हायचं ते झालं. डॉक्टर टेबलाशी गेले आणि बाकीचे त्यांच्यामागे. "हे बघा, सीको फाइव्ह, काच मूळची आहे." "एचएमटी पायलटचं काळं डायल, काय राखलंय." "अहो, हे फेवर ल्युबा उघडून बघायला पाहिजे." माणसं खुलली. हात पुढे आले, भिंगं बाहेर निघाली. मीसुद्धा एक घड्याळ उचलून कानाशी धरलं.

काकू पोह्यांच्या बशा घेऊन उभ्या होत्या. बशा ठेवून त्या टेबलाजवळ आल्या आणि डॉक्टरांच्या हातातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

"हे आमच्या लग्नातलं. माझ्या वडिलांनी दिलेलं. मांडवात ह्यांनी ते उजव्या हातात घातलं होतं, घाबरून. सगळे हसले."

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. ते सभ्य गृहस्थ, हळूच म्हणाले, "नाही काकू, हे डायल ऐंशीनंतरचं आहे. तुमचं लग्न त्याआधी झालं असणार. ते दुसरं असेल."

"असेल," काकू म्हणाल्या.

"डायल मागाहून बदललं असेल, डॉक्टर," इम्तियाज म्हणाला. पण तोवर डॉक्टरांनी पुढचं घड्याळ उचललं होतं.

काकू त्यानंतर टेबलाकडे आल्या नाहीत. त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि आमच्या पाठींकडे पाहत राहिल्या. सहा महिने याच माणसांशी त्या रोज सकाळी बोलल्या होत्या. निघताना डॉक्टरांनी त्यांना हात जोडले. "काही लागलं तर सांगा. आणि ही घड्याळं कधी द्यायची झाली, तर जाणकाराच्याच हाती द्या."

"हो," त्या म्हणाल्या.

मी मागे रेंगाळलो. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"चांगली माणसं आहेत," काकू बशा गोळा करत म्हणाल्या. अर्ध्याअधिक पोहे तसेच होते. "ह्यांना भेटून बरं वाटलं असतं."

मी बशा उचलायला मदत केली आणि निघालो.

त्या संध्याकाळी त्या गटातून बाहेर पडल्या. मी नेहमीच्या वेळेला लिहिलं, "पोहोचलो." उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं, तेही नुसतं जाऊन पडलं. मग समजलं, त्यांनी फोनच बंद केलाय. गटात सकाळचे फोटो पुन्हा सुरू झाले. मीही चार दिवस टाकले. लोक म्हणायचे, पट्टा छान आहे. पाचव्या दिवशी घड्याळ हातात घालून, फोन समोर धरून मी खिडकीशी उभा राहिलो आणि कुणासाठी फोटो काढतोय हेच मला आठवेना.

ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब होते. मंजिरी गेली तेव्हासुद्धा इतके लांब नव्हते, कारण तेव्हा लिहायला कुणीतरी होतं. टेंबेकाकांची आठवण यायची, बोगद्यांची, साहेबांच्या कुत्र्याची. ते गेल्याचं दुःख आता नीट वाटू लागलं होतं. पण संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरलो की आठवण यायची ती त्यांची नसायची. हे मला कळलं तेव्हा मी बूट काढत होतो, एक पायात आणि एक हातात. तसाच बसून राहिलो.

पुढच्या शनिवारी दुपारी मी पुन्हा सोमवार पेठेत गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. कोल्हापुरातून मंडईतली कोवळी गवारी घेतली होती, कारण त्यांनी एकदा लिहिलं होतं की कराडात गवारी जून मिळते.

फाटकाशी शेजारच्या घरातल्या बाई वाळवणाचे पापड उचलत होत्या. त्यांनी मला अडवलं. "कोण हवंय? टेंबे वारले हो. गेल्या वर्षीच. घड्याळांसाठी आला असाल तर आधी एक गृहस्थ येऊन गेले."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. मी त्यांचा कुणी नव्हतो. हातात गवारीची पिशवी घेऊन मी त्या फाटकाशी उभा होतो.

व्हरांड्याचं दार उघडलं. काकू बाहेर आल्या. त्यांनी मला पाहिलं, पिशवी पाहिली, आणि व्हरांड्याची एक पायरी उतरून थांबल्या. शेजारच्या बाईंनी मान वळवून त्यांना विचारलं, "शैलजाताई, टेंब्यांकडचे का हे?"

काकू आणखी एक पायरी उतरल्या.

"ह्यांच्याकडचा नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आलाय."

मी फाटक लावून घेतलं आणि पायरीशी चपला काढल्या.